भरलेल्या खाटेमागचं पाणी

लास्टन: आधी बस तरी. एवढा घाट उतरून आलीस. शिकायला येणाऱ्याने आल्यावर घोटभर पाणी प्यावं.

एलुबी: कुठलं पाणी ते सांग. मग पिते.

लास्टन: नळाचं गं, हॉस्पिटलच्या नळाचं. आल्या आल्या पोलिसासारखी काय चौकशी करतेस?

एलुबी: चौकशी नाही, अभ्यास. बोर्डाने अभ्यासाला धाडलंय ना मला! ‘डोंगरावरचं हॉस्पिटल पाण्याच्या वापरात सगळ्यांत शेवटी आलं आहे, सबब तिथल्या देखभाल-प्रमुख बाईंनी सरोवरकाठच्या पहिल्या आलेल्या हॉस्पिटलात जाऊन उत्तम पद्धत शिकून यावी.’ शिकून यावी म्हणे! नळांना वायसर लावता लावता केस पिकले माझे, लास्टन.

लास्टन: मला तर बाई आनंद झाला. मामाची लेक माझ्याकडे शिकायला येतेय! लहानपणी साधा गळ टाकायला शिकली नाहीस माझ्याकडून. गांडूळ बघून पळायचीस.

एलुबी: कर थट्टा. मामाची मुलगी आहे, हक्कच आहे तुझा. पण आज मला हसू येणार नाही. आणि ही भिंतीवर काय टांगलीय?

लास्टन: ढाल. लाकडाची आहे, मासा कोरलाय त्यावर. पहिल्या नंबराची.

एलुबी: मासा बरा दिसतोय. तोंड मिटून आहे. तुझ्यासारखा.

लास्टन: झालं का सुरू? चांबो मासा तळायला सांगितलाय तुझ्यासाठी, मक्याच्या पिठाचा गरम न्सिमा आहे. जेव, मग भांड.

एलुबी: सोमवारी माझ्याकडे रोग्यांच्या सोबतीणी राहतात त्या शेडचा नळ बंद होणार आहे. घास उतरेल का मला?

लास्टन: बंद? म्हणजे वेळ ठरवून देणार असतील. सकाळ-संध्याकाळ.

एलुबी: व्हॉल्व्हला कुलूप. आणि ते लावायचं कोणी? मी. मी खणलेल्या चरातला, मी टाकलेला पाइप, आणि कुलूपही माझ्याच हाताने. कशासाठी? तर ‘एका भरलेल्या खाटेमागे पाणी फार जातं.’ अरे, खाट पाणी पिते का? खाटेवर एक माणूस असतं. त्याच्या उशाशी आई, पायाशी बहीण, मागच्या अंगणात सासू चूल फुंकत बसलेली. रोग्याला रांधून कोण घालतं? अंग कोण पुसतं? बाळंतिणीची धुणी कोण धुतं? नर्स औषध देईल, सुई देईल, बाकी सगळं सोबतीला आलेल्या बाईने करायचं. हे तुला सांगावं लागत नाही, मला सांगावं लागत नाही, राजधानीत बसून हॉस्पिटलांचे नंबर लावणाऱ्या बोर्डाच्या त्या तक्तेवाल्याला मात्र कोणी सांगितलेलं नाही. आजारपणात उशाशी बसायला त्याला आई नव्हती वाटतं!

लास्टन: हळू. वॉर्डात ऐकू जाईल.

एलुबी: जाऊ दे. चल, दाखव तुझी उत्तम पद्धत. मी वहीसुद्धा आणलेली नाही, डोक्यात लिहून घेते.

लास्टन: हा बायकांचा वॉर्ड. गळणारा नळ एक सापडला तर माझं नाव बदल. टाक्या झाकलेल्या. इथे फरशी पुसायची ती दोन बादल्यांत, तिसरी नाही. हे मी माझ्या डोक्याने केलंय, एलुबी. थट्टा सोड, पण हे मी नीट केलंय.

एलुबी: केलंयस. खोटं बोलणार नाही, माझ्यापेक्षा नेटकं आहे. वास नाही, डबकं नाही. अंगण तर सारवल्यासारखं. चुली कुठायत?

लास्टन: चुली?

एलुबी: चुली. तीन दगड, वर पातेलं. एवढे रोगी आहेत तर त्यांच्या बाया कुठे रांधतात?

लास्टन: त्या... कुंपणाबाहेर. ती आंब्याची झाडं दिसतात ना, तिथे. सावली छान आहे.

एलुबी: आणि धुणं?

लास्टन: खाली.

एलुबी: खाली कुठे?

लास्टन: एलुबी, ऊन चढतंय. आत चल.

एलुबी: खाली कुठे, लास्टन?

लास्टन: सरोवरावर. दुसरीकडे कुठे? समोर एवढं मोठं पाणी पसरलंय. पिढ्यान् पिढ्या लोक तिथेच धुतात, तिथेच भरतात.

एलुबी: म्हणजे तुझ्या सोबतीणींचं पाणी मीटरमधून जातच नाही.

लास्टन: बोर्डाने विचारलं काय? कुंपणाच्या आत किती पाणी लागतं. मी उत्तर दिलं. त्यात खोटं काय आहे?

एलुबी: खोटं काहीच नाही! त्याचीच तर चीड येते! तुझं खरं, माझं खरं, आणि दोन्ही शेजारी मांडली की अशी थप्पड बसते की सोमवारी माझ्या बाया कोरड्या. तुझ्या कुंपणाच्या आत रोगी तेवढे. माझ्या कुंपणाच्या आत रोगी, त्यांच्या आया, सुना, अंगावरची पोरं. तू पेला मोजलास, मी रांजण मोजला, आणि तो म्हणतो, बाई, तुमचा पेला फार मोठा आहे!

लास्टन: मग तूही शेड कुंपणाबाहेर काढ.

एलुबी: काय बोललास?

लास्टन: थट्टेने बोललो.

एलुबी: नाही, थट्टेने नाही. हीच ती उत्तम पद्धत. हेच शिकायला पाठवलंय मला. डोंगरात सरोवर नाही, लास्टन. खाली ओढा आहे, थंडीत हात बधिर होतात असा. माझ्या बाया पहाटे नळापाशी भांडी ओळीने मांडून ठेवतात. जागा धरायला माणूस नको, भांडं पुरतं. भांड्यावरून भांडण नाही कधी. आणि आपली पाळी येईतोवर गातात. तू ऐकलं नाहीस कधी.

लास्टन: काय गातात?

एलुबी: कोणी एकीने जोडलेलं, मग सगळ्यांचं झालं.
नळा रे लोखंडा, तुझी धार रेशमाची,
धुऊन टाक बाबा, रात माझ्या लेकराची.

लास्टन: ...छान आहे.

एलुबी: छान आहे ना? सोमवारी त्या लोखंडाला कुलूप. मग काय गातील? थांब, त्यालाच विचारते. लागतोय का इथे फोन?

लास्टन: कोणाला?

एलुबी: तुझ्या ढालवाल्याला. मोठ्या आवाजावर लावते, तूही ऐक.

(फोनवर.)

कुम्बुकानी: हॅलो, एलुबीबाई! दिवस कसा चाललाय?

एलुबी: बरा चाललाय, साहेब. तुमचा?

कुम्बुकानी: माझाही बरा. घरची मंडळी?

एलुबी: बरी आहेत. तुमची?

कुम्बुकानी: धाकटीला जरा ताप होता, आता उतरला. डोंगरात थंडी कशी आहे?

एलुबी: थंडी बरी आहे. साहेब, आता विचारपूस झाली, आता भांडू का?

कुम्बुकानी: अहो बाई, भांडण कसलं? तुम्ही सरोवरावर पोचलात का? काही शिकायला मिळालं?

एलुबी: मिळालं ना! असं शिकले की इथल्या रोग्यांच्या सोबतीणी कुंपणाबाहेर राहतात आणि सरोवराचं पाणी भरतात. तुमच्या तक्त्यात त्या कुठे आहेत?

कुम्बुकानी: तक्त्यात खाटा आहेत, बाई. भरलेल्या खाटा, इमारतीचं क्षेत्रफळ, पाणी, वीज. सगळ्या जगात असंच मोजतात. सोबतीण हा रकानाच नाही.

एलुबी: सगळ्या जगात रोग्याची आई न्सिमा रांधायला मुक्काम ठोकून बसते का?

कुम्बुकानी: ते मला माहीत नाही.

एलुबी: इथे बसते, हे माहीत आहे?

कुम्बुकानी: माझी आईही बसली होती, बाई. मला माहीत आहे. पण मी तक्ता माझ्या आईकडे बघून करू शकत नाही. सगळ्या हॉस्पिटलांनी लिहून दिलंय, की आमचा आकडा आमच्या पूर्ण आवाराचा आहे. श्री. लास्टन यांनीही दिलंय. आता एकाने म्हणायचं माझ्याकडे माणसं जास्त आहेत, दुसऱ्याने म्हणायचं माझी इमारत जुनी आहे, तिसऱ्याने म्हणायचं माझ्याकडे धूळ फार. सगळ्यांचं ऐकलं तर तुलनाच राहत नाही.

एलुबी: नाहीच राहत! मी तेच म्हणतेय! जे सारखं नाही ते शेजारी ठेवून नंबर लावता, आणि त्या नंबरावरून कुलूप लावता!

कुम्बुकानी: हे पाहा, एक वाट आहे. खुद्द सरोवरकाठच्या हॉस्पिटलाने कळवलं, की आमच्या आकड्यात सोबतीणींचं पाणी धरलेलं नाही, तर मला दोघांचाही पाण्याचा आकडा बाजूला काढावा लागेल. मग तुमचा नळ बंद करायला आधार उरत नाही. पण ते तुम्ही सांगून चालणार नाही. त्यांनी सांगायला हवं. ते आहेत का तिथे?

एलुबी: आहेत. शेजारीच उभे आहेत. ऐकतायत.

कुम्बुकानी: लास्टनसाहेब? नमस्कार. काही सांगायचंय का तुम्हाला?

एलुबी: लास्टन.

कुम्बुकानी: हॅलो? फोन कट झाला का?

एलुबी: नाही, साहेब. फोन चालू आहे. माणूस बंद पडलाय. ठेवते.

लास्टन: एलुबी, ऐक—

एलुबी: काय ऐकू? एवढा वेळ तोंडाचा पट्टा चालू होता तुझा! गळ टाकायला शिकली नाहीस, गांडुळाला घाबरलीस! मी गांडुळाला घाबरले, तू कोणाला घाबरलास? एका लाकडी माशाला?

लास्टन: तुला सगळं माहीत नाही.

एलुबी: मग सांग. त्या समोरच्या खोलीला कुलूप का आहे? आत काय आहे?

लास्टन: सामानाची खोली आहे. झाडू, फडकी.

एलुबी: उघड. झाडूही शिकून घेते.

लास्टन: उघडतो. पण आरडाओरडा करू नकोस.

एलुबी: ...लास्टन. ताडपत्रीखाली हे काय आहे?

लास्टन: पाइप.

एलुबी: पाइप आहे हे मला कळतं, माझा जन्म त्यात गेला. हा कोरा काळा पाइप, वेटोळीच्या वेटोळी, तोट्या, जोड, सगळं. कुठून कुठवर पुरेल रे हा? टाकीपासून?

लास्टन: आंब्याच्या झाडांपर्यंत. मोजूनच आणला होता.

एलुबी: आणला होतास! नळासाठीच आणला होतास!

लास्टन: गेल्या वर्षी. चरसुद्धा आखला होता फक्कीने. आणि मग तक्ता आला, ढाल आली. मी पहिला. त्याच दिवशी साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी पहिला येईल त्या हॉस्पिटलाला जनरेटर. मी चर आखलेला पायाने पुसून टाकला, एलुबी. नळ बसला की काटा फिरणार, काटा फिरला की नंबर जाणार, नंबर गेला की जनरेटर गेला. पहिला आल्यापासून माझे हात बांधलेले आहेत. शेवटचा असतो तर केव्हाच बसवला असता.

एलुबी: जनरेटर.

लास्टन: तुमच्याकडे जुना तरी आहे. इथे दिवे गेले की गेले. परवा एका बाळंतिणीचं पोट उघडलेलं असताना गेले. एका नर्सने फोनचा उजेड धरला. तिचा फोन विझला तसा दुसरीने धरला. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होतो, आत कोणाचा फोन अजून शिल्लक आहे ते ऐकत. मूल रडलं तेव्हा मी खाली बसलो. आता तू सांग, मी फोनवर काय बोलू?

एलुबी: जगली?

लास्टन: दोघंही.

एलुबी: पण हे बघ ना! हे बघ, कसला न्याय आहे हा! जिथे अंधार आहे तिथे जनरेटर द्यायचा, की जिथे नंबर पहिला आहे तिथे? जिथे पाणी लागतं तिथे पाणी द्यायचं, की जिथे कमी लागतं त्याची पाठ थोपटायची? तुला उजेड हवा तर बायांना सरोवरात ढकल. मला नळ हवा तर तुझा उजेड घालव. आपण दोघं भावंडं एकमेकांच्या उरावर बसलोय, आणि तो तिकडे रकाने आखतोय!

लास्टन: त्याची मुलगी आजारी आहे म्हणाला.

एलुबी: ताप उतरलाय म्हणाला. दया नको करू इतक्यात. चल, मला तो सरोवराचा काठ दाखव.

लास्टन: काठ नको.

एलुबी: का?

लास्टन: नको म्हणतोय ना.

एलुबी: लास्टन. मघाशी वॉर्डात दाराजवळची दुसरी खाट. तू मला तिच्यासमोरून भरभर नेलंस. एवढीशी बाई, खांद्यापर्यंत पट्टी. कोण आहे ती?

लास्टन: फालेसी.

एलुबी: काय झालंय तिला?

लास्टन: ती रोगी म्हणून आलीच नव्हती. थोरल्या बहिणीच्या सोबतीला आली होती. बहीण कोपऱ्यातल्या खाटेवर होती. ही पहाटे बादली घेऊन खाली गेली. गुडघाभर पाण्यात होती फक्त. मगरीने हात धरला. बाकीच्या बाया बादल्यांनी, पातेल्यांनी मारत सुटल्या, ओरडून ओरडून सोडवलं तिला. हात कोपरापासून काढावा लागला.

एलुबी: अरे देवा.

लास्टन: त्यानंतर बाया एकट्यादुकट्या जात नाहीत. घोळक्याने जातात. गातातही. तुझ्या बायांसारखं.

एलुबी: काय?

लास्टन: सरोवरा बापा, पाणी दे बादलीभर,
गेलेली येऊ दे रे, जशीच्या तशी वर.

एलुबी: तू ऐकतोस ते?

लास्टन: माझ्या खोलीत ऐकू येतं. खिडकी लावली तरी येतं.

एलुबी: आणि फालेसी आता खाटेवर आहे.

लास्टन: हो.

एलुबी: म्हणजे भरलेली एक खाट वाढली.

लास्टन: एलुबी, नको.

एलुबी: सोबतीण होती तोवर ती तुमच्या मोजणीत नव्हती. हात गेला तशी मोजणीत आली. पाणी तेवढंच, खाट एक जास्त. तुझा आकडा आणखी सुधारला, लास्टन! मगरीने तुझा नंबर पक्का केला!

लास्टन: गप्प बस. हात जोडतो.

एलुबी: मी गप्प बसेन. एकच सांग. फालेसीच्या सोबतीला आता कोण आहे?

लास्टन: तिची आई.

एलुबी: म्हातारी?

लास्टन: कमरेत वाकलेली आहे.

एलुबी: आणि ती पाणी कुठून आणते?

लास्टन: तिथूनच.

एलुबी: पान्हा कुठे आहे?

लास्टन: काय?

एलुबी: पान्हा, करवत, आणि दोन कुदळी. वेटोळ्याचं ते टोक उचल, मी हे उचलते. असा बघू नकोस माझ्याकडे. शिकायला आलेय, हात चालवल्याशिवाय शिकता येत नाही.

लास्टन: चांबो थंड होईल.

एलुबी: म्हातारीला दे. ओढ. दगडावरून ओढू नकोस, चरे पडतील. हं, इथे टेकव. हा तुझा मीटर?

लास्टन: हाच.

एलुबी: काचेवर धूळसुद्धा नाही. पुसतोस?

लास्टन: रोज.

एलुबी: ऐक, लास्टन. आता मी आरडाओरडा करत नाही. नीट ऐक. हा पाइप मी दोन ठिकाणी जोडू शकते. मीटरच्या आधी जोडला, तर पाणी झाडांपर्यंत जाईल आणि काटा हलणार नाही. कोणाला कळणार नाही. ढाल भिंतीवर, जनरेटर तुझ्या दारात. मीटरच्या नंतर जोडला, तर महिन्याभरात तू माझ्या शेजारी, तळाला.

लास्टन: आणि तू मला आधी जोडायला सांगतेस? तू?

एलुबी: सांगत नाही, विचारते. घाट चढताना मला त्या फोनच्या उजेडातल्या बाईचं पोट दिसत राहणार आहे. तुझ्या जागी मी काय केलं असतं, मला खरंच कळत नाही.

लास्टन: मग तुझा नळ?

एलुबी: माझ्या नळाचं मी बघेन. सोमवारी व्हॉल्व्हवर कमरेचं चितेंजे, कापड सोडून, अंथरून बसेन. सगळ्या बाया बसतील. उठवायला साहेब स्वतः येऊ देत.

लास्टन: थंडी असते तिथे.

एलुबी: चुली आहेत. माझ्या कुंपणाच्या आत आहेत. बोल लवकर, हात दुखतोय. आधी की नंतर?

लास्टन: ती बघ, फालेसीची आई. झाडाखाली उभी राहून बघतेय आपल्याकडे. बादली रिकामी आहे तिची.

एलुबी: दिसतेय. आधी की नंतर?

लास्टन: नंतर.

एलुबी: नक्की?

लास्टन: नंतर जोड. फिरू दे काटा. आणि तुझा तो फोन दे इकडे.

एलुबी: काय सांगणार आहेस त्याला?

लास्टन: सगळं सांगतो. आधी धाकटी कशी आहे ते विचारतो.